पुरस्कार मिळालेलं पुस्तक शाळेत चालेलच असं नाही : जळगाव-धुळ्याच्या शाळांनी नवी बालपुस्तकं निवडायची कशी?

साहित्य अकादमीचा २०२० चा बालसाहित्य पुरस्कार 'आबाची गोष्ट' या कथासंग्रहाला मिळाला. लेखक आबा गोविंदा महाजन, खानदेशातले. अशी बातमी आली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरतात, दोन दिवस स्टेटस लागतात आणि विषय संपतो. आता तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन विचारा, हे पुस्तक कपाटात आहे का? असेल तर लगेच दुसरा प्रश्न विचारा : ते कोणत्या मुलाने वाचलं?

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. कारण शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायची वेळ आली की दोनच रस्ते दिसतात. एक, दुकानदार देईल तो संच उचलायचा. दोन, जरा जागरूक शिक्षक असतील तर 'पुरस्कारप्राप्त' पुस्तकांची यादी काढून ती मागवायची. दुसरा रस्ता पहिल्यापेक्षा नक्कीच बरा. पण त्यालाही खड्डे आहेत.

पैसे किती, आणि संधी किती वेळा?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. शाळा प्राथमिक आहे की उच्च माध्यमिक, त्यावर रक्कम ठरते. लहान प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातली सगळ्यात खालची रक्कम येते, म्हणजे पाच हजार.

पाच हजारांत काय येतं? एका पुस्तकाची किंमत सरासरी १०० रुपये धरली तर ५० पुस्तकं. वीस टक्के सूट मिळाली तर ६२. बस्स. त्यातच कुणी तीन हजारांचा 'संस्कार संच' गळ्यात मारला तर वर्ष संपलं.

आणि हे वर्ष कुणाचं संपलं, ते बघा. पहिलीत आलेलं मूल चौथीपर्यंतच्या शाळेत चार वर्षं असतं. अनुदान दरवर्षी आलं आणि दरवर्षी खरेदी झाली असं धरलं, तरी त्या मुलाच्या वाट्याला चारच खरेद्या येतात. घरी गोष्टीचं एकही पुस्तक नसलेल्या मुलासाठी, मग ते रावेर-यावलच्या केळीच्या बागांत राबणाऱ्या मजुराचं असो की दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं, पुस्तकांचं सगळं जग एवढंच. त्या चारपैकी दोन खरेद्या वाया गेल्या तर 'वाचन म्हणजे कंटाळा' हे त्याचं मत पक्कं होतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

पुरस्कार नेमका कशाला मिळतो?

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. ५०,००० रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप. प्रत्येक भाषेसाठी तिघांचं परीक्षक मंडळ असतं. मराठीतला पहिला पुरस्कार अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकाला मिळाला, दुसरा दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. यादी म्हणून बघायला गेलं तर छान आहे. पण खरेदीची यादी म्हणून वापरायला घेतली की तीन अडचणी येतात.

पहिली अडचण : काही वर्षी पुरस्कार पुस्तकाला नसून लेखकाच्या एकूण योगदानाला आहे. अनंत भावे (२०१३), माधुरी पुरंदरे (२०१४), लीलाधर हेगडे (२०१५), राजीव तांबे (२०१६), रत्नाकर मतकरी (२०१८) या सगळ्यांना तो असा मिळाला. म्हणजे 'पुरस्कारप्राप्त पुस्तक द्या' असं दुकानात म्हटलं तर यातलं एकही पुस्तक हातात येणार नाही. माधुरी पुरंदऱ्यांची डझनावारी पुस्तकं आहेत, त्यातलं कोणतं घ्यायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरी अडचण : 'नवं' म्हणजे किती नवं? २०२४ चा पुरस्कार १ जानेवारी २०१८ ते ३१ डिसेंबर २०२२ या काळात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकांसाठी होता. म्हणजे पुरस्काराची बातमी येते तेव्हा पुस्तक दोन ते सहा वर्षांचं झालेलं असतं. मराठीत बालपुस्तकाची आवृत्ती छोटी निघते. बातमी वाचून ऑर्डर दिली आणि 'आवृत्ती संपली आहे' असं उत्तर आलं, तर नवल नाही. त्यामुळे ऑर्डरच्या आधी प्रकाशकाला एक फोन करावा.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अलीकडची यादी बघा : २०१९ ला सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध', २०२१ ला संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ ला संगीता बर्वे यांची 'पियूची वही', २०२४ ला भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. या सगळ्या कादंबऱ्या. मध्ये २०२३ ला एकनाथ आव्हाड यांचा 'छंद देई आनंद' आणि २०२५ ला सुरेश सावंत यांचा 'आभाळमाया', हे कवितासंग्रह. कादंबरी वाचायला सलग वाचनाची सवय लागते. पाचवी-सहावीच्या पुढचं, रुळलेलं वाचक मूल ती वाचेल. पण दुसरीतलं मूल अजून अक्षर जोडून शब्द लावतंय. त्याच्यासाठी या यादीत फारसं काही नाही.

याचं कारण साधं आहे. हा साहित्याचा पुरस्कार आहे, तो लेखकाला आणि मजकुराला मिळतो. सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात मात्र अर्धी गोष्ट चित्रात असते. वीस शब्दांचं आणि सोळा पानांचं चांगलं चित्रपुस्तक करणं कादंबरीइतकंच अवघड असलं तरी पुरस्कारांच्या रचनेत ते सहसा बसत नाही.

राज्य सरकारचेही पुरस्कार आहेत. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे वेगवेगळे विभाग आहेत आणि प्रत्येकाला एका लेखकाचं नाव दिलेलं आहे. कवितेसाठी बालकवी पुरस्कार, कादंबरीसाठी साने गुरुजी पुरस्कार, कथेसाठी राजा मंगळवेढेकर, नाटकासाठी भा. रा. भागवत. खानदेशच्या वाचकाने इथे जरा थांबावं. बालकवी ठोंबरे धरणगावात जन्मले. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे खरे, पण त्यांच्यातला शिक्षक घडला तो अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. मराठी बालसाहित्याच्या दोन मोठ्या सरकारी पुरस्कारांवर जळगाव जिल्ह्याची नावं आहेत. जिल्ह्यातल्या शाळांची कपाटंही तशी दिसायला हवीत, एवढी अपेक्षा फार नाही.

या राज्य पुरस्कारांची यादी विभागवार असल्यामुळे शाळेला जास्त उपयोगी पडते. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की यात लेखक किंवा प्रकाशकाने प्रवेशिका पाठवावी लागते. जे पुस्तक पाठवलंच गेलं नाही, ते कितीही चांगलं असो, स्पर्धेत नसतं.

यादीबाहेरची पुस्तकं कुठे शोधायची?

पहिली-दुसरीसाठी सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' उपक्रमाने 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षी, २०१६ मध्ये, लेखक म्हणून त्यांची निवड झाली. 'राधाचं घर', 'यश' ही त्यांची पुस्तकं लेखिकेनेच चित्रं काढलेली आहेत. घरातली माणसं, बाजार, मुलाचा कंटाळा, शेजारी, असे रोजचे विषय. शेवटी 'म्हणून मुलांनो' असा उपदेश नाही. थोड्या मोठ्या मुलांसाठी त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे'चे भाग आहेत, बालगटाचे वेगळे आणि कुमारगटाचे वेगळे. त्यात मराठीतल्या उत्तम लेखकांचे उतारे आणि सोबत भारतीय चित्रकलेचे नमुने आहेत. एका शाळेला हा एक संच अनेक वर्षं पुरतो.

दुसरी जागा म्हणजे 'स्टोरीवीव्हर'. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ. मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी इथे फुकट वाचता येतात, डाउनलोड करता येतात, छापताही येतात. गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत : पहिली पायरी नुकतं वाचायला शिकणाऱ्यांची, चौथी सराईत वाचणाऱ्यांची. शाळेत प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही असेल तर विकत घेण्याआधी गोष्ट मुलांना दाखवून बघता येते. मुलांनी तीनदा मागितली तर ती घ्यायची. याहून स्वस्त चाचणी नाही.

तिसरी, आपल्या घरचीच : बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून चालू आहे, किंमत कमी, आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. नवं दर्जेदार मराठी बालसाहित्य कोण लिहितंय, हे कळायला वर्षभराचे अंक चाळले तरी पुरे. अंकात आवडलेल्या लेखकाचं पुस्तक मागवायचं, ही निवडीची पद्धत कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची आहे.

हिंदीचा विचारही करायला हरकत नाही. आपल्याकडे मुलांच्या कानावर टीव्हीमुळे आणि मध्य प्रदेशच्या शेजारामुळे हिंदी असतेच. पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी भोपाळच्या 'एकलव्य' आणि 'एकतारा' या संस्थांची पुस्तकं, 'चकमक' आणि 'साइकिल' ही मासिकं पाहावीत. पराग दरवर्षी हिंदी आणि इंग्रजी बालपुस्तकांची एक निवडक यादीही काढते, २०२० पासून. तिच्यात चित्रपुस्तकांना नीट जागा असते.

'कथा' म्हणजे गोष्ट की 'कथा' म्हणजे कुठे?

आता खानदेशची खास अडचण. धुळे, शिंदखेडा, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात बहुतेक घरांत अहिराणी चालते. रावेर-यावल-भुसावळकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याला, म्हणजे शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर, पावरा आणि तडवी कुटुंबांच्या वेगळ्या बोली. तांड्यांवर गोरबोली. शाळेचं माध्यम मात्र 'मराठी', म्हणजे पुस्तकी मराठी.

अहिराणी घरातल्या सहा वर्षांच्या मुलाचं वाक्य 'शे'वर संपतं, 'आहे'वर नाही. मुलगी म्हणजे 'आंडेर'. 'इथे' म्हणजे 'आठे'. आणि कितीतरी गावांत 'कथा' म्हणजे 'कुठे'. पुस्तकाच्या पाठीवर 'कथा' असं छापलेलं असतं आणि आईच्या तोंडी 'कथा चालना रे?' म्हणजे 'कुठे चाललास?'. गंमत वाटते ऐकताना. पण पुस्तक मुलाशी पहिल्याच पानावर परक्या भाषेत बोलत असेल, तर ती गंमत राहत नाही.

यावर 'मग खानदेशातल्याच गोष्टी घ्या' असा सल्ला दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्राची गोष्ट नको, असं अजिबात नाही. उलट तीच हवी असते. मुलाला अडवतं ते वाक्य, गावाबाहेरचं दृश्य नव्हे. 'सकाळ झाली, कोंबडा आरवला' हे वाक्य साक्रीतलं मूल सहज ओलांडतं. 'अरुणोदयाच्या सुवर्णकिरणांनी आसमंत उजळून निघाला' इथे ते पुस्तक मिटतं. दोन्ही पुस्तकांना पुरस्कार असू शकतो.

म्हणून पुस्तक निवडताना एक पान उघडा आणि वाक्यं मोजा. पहिली-दुसरीसाठी वाक्य सहा-सात शब्दांच्या आत, जोडाक्षरं कमी, अक्षर मोठं, आणि अक्षरांमागे गडद रंग नको. तिसरी-चौथीच्या मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटवायला सांगा. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आत्ता त्याचं नाही, वर्षाने असेल. हा 'पाच बोटांचा नियम' जगभरातल्या शाळांत वापरतात. आपल्याकडे मात्र एक भर घालायची : अडलेला शब्द अवघड मराठी आहे की निव्वळ बोलीत नसलेला, तेही बघायचं. शिक्षकाने एकदा 'हे म्हणजे आपलं ते' असं सांगितलं की बोलीतला शब्द पुढे अडत नाही. असे चार-पाच शब्द असलेलं पुस्तक घ्यायला काहीच हरकत नाही.

घरच्या बोलीला छापील मान मिळू शकतो, हे जळगावने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंय. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या-कविता घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, तेही बोलीतच. शाळेलाही हे करता येतं, छोट्या प्रमाणावर. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन त्यांचं भाषांतर करायला कायदेशीर परवानगी आहे. पहिल्या पायरीच्या पाच गोष्टी निवडा, चौथीच्या मुलांना अहिराणीत किंवा पावरीत सांगायला लावा, लिहून काढा, छापा. पानं स्टेपल केली की पहिलीसाठी पाच नवी पुस्तकं तयार. खर्च रंगीत प्रिंटचा.

याला जुना आणि घरचाच दाखला आहे. साने गुरुजी अमळनेरला छात्रालय सांभाळत होते, तेव्हा मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. छापखाना नाही, अनुदान नाही. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. आज आपण गुरुजींच्या नावाने 'श्यामची आई'च्या दहा-दहा प्रती कपाटात ठेवतो. पुस्तक थोरच आहे, पण अकरावी प्रत घेण्याआधी त्याच पैशात मुलांचं हस्तलिखित निघतं का, ते बघायला हरकत नाही.

संच आला की आधी हे पान उघडा

मार्च जवळ आला की खर्च दाखवायची घाई होते आणि तेव्हाच संचवाले येतात. '१०१ बोधकथा', 'थोरांचं बालपण', 'अकबर-बिरबल', 'सामान्यज्ञान'. चाळीस-पन्नास टक्के सूट. सूट बघून भुलायचं नाही. छापील किंमतच दुप्पट टाकली असेल तर पन्नास टक्के सुटीला अर्थ काय?

संचातलं कुठलंही पुस्तक उघडून सुरुवातीचं ते पान काढा, जिथे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक यांची नावं असतात. तिथे लेखकाचं नाव आहे का? भाषांतर असेल तर भाषांतर करणाऱ्याचं? चित्रकाराचं? एकाही माणसाचं नाव नसलेलं पुस्तक माणसाने मन लावून केलेलं असण्याची शक्यता कमीच. मग मधलंच एक पान मोठ्याने वाचा. मराठी अडखळली, क्रियापदं विचित्र जागी आली, तर ते घाईत उलथवलेलं भाषांतर आहे. आणि गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात 'तात्पर्य' असेल, तर माझ्या मते ते पुस्तक परत द्यावं. यावर पुष्कळ शिक्षक माझ्याशी भांडतील, त्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. पण गोष्ट ऐकून मुलाने काय घ्यायचं हे छापूनच दिलं, तर वर्गात बोलायला उरतं काय?

मुलींकडेही एकदा नजर टाकावी. दहा पुस्तकांत किती गोष्टींत मुलगी स्वतः काही करते, आणि किती गोष्टींत ती फक्त पाणी आणून देते? आदिवासी पात्र आलं तर ते नाव असलेलं माणूस आहे की नुसतं पिसं लावून नाचणारं चित्र? शिरपूरच्या पाड्यावरचं मूल ते चित्र बघणार आहे.

बांधणीही बघावी. जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या कपाटात नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पाठीचं पुस्तक दोन उन्हाळ्यांत सुटं होतं. लहान मुलांची पातळ पुस्तकं मधोमध पिना मारलेली बरी, जाड पुस्तकं शिवलेली. न मिळाल्यास नवीन पुस्तक आल्याआल्या जाड दोऱ्याने टाके घालून ठेवायचे.

पाच हजारांची एक यादी करून बघू

समजा शाळा धुळे तालुक्यातली, चौथीपर्यंत, पट चाळीस, दोन शिक्षक. अशा शाळेने चाळीस मुलांसाठी चाळीस वेगळी पुस्तकं घ्यावीत, असं वाटणं साहजिक आहे. मी तसं करणार नाही.

साधारण निम्मी रक्कम, म्हणजे अडीच हजार, पहिली-दुसरीच्या चित्रपुस्तकांवर घालवेन, कारण वाचायची गोडी तिथेच लागते किंवा तिथेच सुटते. आणि त्यातही चार-पाच पुस्तकांच्या प्रत्येकी तीन-तीन प्रती घेईन. सहा वर्षांची मुलं एकटी वाचत नाहीत, दोघं-तिघं डोकं लावून वाचतात. एकच प्रत असली की ती हुशार मुलाच्या हातात राहते आणि बाकीचे बाजूने बघतात.

दीड हजार तिसरी-चौथीच्या गोष्टी आणि कवितांसाठी. विंदा करंदीकरांची बालकविता इथे हवीच. नवीन नाही, पण मोठ्याने म्हणायला तिच्याइतकी मजा क्वचितच. पुरस्काराच्या यादीतली पुस्तकंही इथेच येतील : 'छंद देई आनंद' आणि 'आबाची गोष्ट' यांची एकेक प्रत. मुलांना आवडलं तर पुढच्या वर्षी आणखी प्रती. कादंबऱ्या या शाळेसाठी नकोत, शेजारच्या सातवीपर्यंतच्या शाळेने त्या घ्याव्यात. ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' (२०१७ चा पुरस्कार) मात्र शिक्षकांनी चौथीला रोज चार पानं वाचून दाखवण्यासाठी घ्यावी. धरणात गाव जाण्याची ती गोष्ट आहे. तापीच्या खोऱ्यात, जिथे हतनूर आणि उकाईसारख्या धरणांनी गावं उठलेली पाहिलेली माणसं आहेत, तिथल्या आजी-आजोबांनाही बोलायला लावेल अशी.

उरलेल्या हजारात 'किशोर'ची वर्गणी आणि प्रिंट काढायचा खर्च.

ही यादी तुमच्या शाळेला जशीच्या तशी लागू पडणार नाही. पट, बोली, इयत्ता बदलल्या की आकडे बदलतात. पण 'कोणतं पुस्तक गाजलं' याऐवजी 'कोणत्या वर्गाकडे काय नाही' इथून सुरुवात केली की यादी आपोआप वेगळी होते.

घ्यायच्या आधी पुस्तकं हातात कुठे मिळतील? जळगावात व. वा. जिल्हा वाचनालय आणि धुळ्यात गरुड वाचनालय ही जुनी ग्रंथालयं आहेत. शासनाचा जिल्हा ग्रंथोत्सव भरतो, तिथे प्रकाशकांचे स्टॉल असतात. तिथे जाताना शिक्षकांनी एकटं न जाता चौथीची दोन मुलं आणि शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई सोबत न्यावी. मुलं काय उचलून बघतात, कुठलं लगेच खाली ठेवतात, हे बघितलं तरी पुष्कळ कळतं.

कपाटाला कुलूप का असतं?

एवढं करून पुस्तकं आली आणि कपाटात गेली, तर सगळं मुसळ केरात. कुलपामागे शिक्षकांचा आळस असतो असं सोशल मीडियावर पटकन बोललं जातं. खरं कारण बहुतेक वेळा रजिस्टर असतं. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ते शाळेची मालमत्ता. फाटलं, हरवलं तर तपासणीत उत्तर द्यायचं आणि कदाचित पैसेही भरायचे, ही भीती खरी आहे. कुलूप हा तिच्यावरचा सोपा उपाय.

दुसरा उपायही आहे. पुस्तकं येतात त्याच महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्यायचा : ही पुस्तकं मुलांनी हाताळण्यासाठी आहेत, वर्षात काही फाटणार, काही हरवणार, आणि त्याची यादी समितीसमोर ठेवून नियमाप्रमाणे निर्लेखन केलं जाईल. इतिवृत्तात हे लिहिलेलं असलं की शिक्षक एकटे पडत नाहीत. मग पुस्तकं दोरीवर टांगा, खिडकीत ठेवा, पेटीत घालून पाड्यावर पाठवा.

गोष्ट आधी ऐकवली किंवा करून दाखवली, तर पुस्तक जास्त हातात घेतलं जातं. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम चालवते. त्यात तरुण कलाकार आदिवासी भागातल्या शाळांत जाऊन बालपुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या सादर करतात, आणि मग तीच पुस्तकं मुलांसमोर ठेवतात. धुळ्या-जळगावच्या शाळेत कलाकार नसतील, पण आठवड्यातून एक तास शिक्षकांनी किंवा गावातल्या कुणी गोष्ट वाचून दाखवायला पैसे लागत नाहीत. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फोटो काढून अपलोड करतो, तेवढाच वेळ.

आणि प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर एक कोरा कागद चिकटवा. पुस्तक घरी नेणाऱ्या मुलाने तारीख टाकायची आणि आवडलं तर एक चांदणी काढायची. फेब्रुवारीत सगळे कागद बघितले की पुढच्या खरेदीची यादी तयार असते. ज्या कागदावर वर्षभर एकही तारीख नाही, ते पुस्तक केंद्राच्या शिक्षण परिषदेला घेऊन जायचं आणि दुसऱ्या शाळेच्या तशाच पुस्तकाशी नोंद करून बदलायचं. तुमच्या दुसरीला न झेपलेली कादंबरी शेजारच्या सहावीत वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात असेल.